ही गच्ची कुठली?

"ही गच्ची कुठली?"

मेसेज आला तेव्हा मृणाल मानेसरहून कंपनीच्या बसने घरी निघाली होती. पाठवणाऱ्याचं नाव धीरज, फोटोत नुसती मोटारसायकल.

मृणालचं एक चॅनल होतं, मराठीत. बायकाबायकांच्या प्रेमाच्या, कुणी न पाहिलेल्या फिल्म शोधायच्या आणि त्यांवर बोलायचं. बघणारे मोजके, त्यातले अर्धे शिव्या द्यायला येणारे. पण या वेळची फिल्म म्हणजे, यार, काय सांगायचं. फोनवर शूट केलेली. एक मुलगी, एक गच्ची, काळी पाण्याची टाकी. मुलगी रोज दोन कप चहा करते. एक पिते, दुसरा गार झाला की कुंडीत ओतते. बस्स, संपली. मृणाल म्हणाली होती, "फक्त आलं ठेचल्याचा आवाज ऐका. मला तर तिथेच रडू आलं."

फिल्मवर कुणाचंच नाव नव्हतं. करणारी होती अक्षया, आणि तिनेच ती मृणालला पाठवलेली. मृणालने तिला लगेच फोन लावला.

"धीरज?" अक्षया म्हणाली. "मयुराचा भाऊ. आम्ही दोघी एकाच रूमवर राहून यूपीएससी करत होतो. रूमवरून ओढत जालन्याला नेलं तिला. मला म्हणाला, परत दिसलीस तर सोडणार नाही. म्हणून तर नंबर बदलला, फरीदाबादला आले."

"मग फिल्म कशाला पाठवलीस, बाई?"

"मयुरा कधीतरी बघेल म्हणून."

धीरज काही पिच्छा सोडेना. दुपारी मेसेज यायचा, मृणालने वाचला की लगेच पुसला जायचा. पुरावा नको असणार, पक्का माणूस.

"कोण विचारतंय?" तिने एकदा लिहिलं.

"घरचंच माणूस समजा."

आणि वर, "चहात अजून आलं ठेचूनच घालते का?"

मृणालने फोन उलटा ठेवला. म्हणजे याला त्यांच्या चहापर्यंत सगळं माहीत.

"ब्लॉक कर ना सरळ," तिची रूममेट अवनी म्हणाली.

"मग दुसऱ्या कुणाला तरी विचारेल. त्यापेक्षा फिरू दे ना उन्हात."

"कुठे?"

"आमच्या मानेसरला. फरीदाबादहून चांगलं दोन तास लांब."

तिने लिहून टाकलं, मानेसर, कंपन्यांच्या मागे भाड्याच्या खोल्या आहेत, तिथली गच्ची.

उत्तर आलं, "उपकार झाले."

अक्षयाला हे कळलं तेव्हा ती पहिल्यांदा मोकळी हसली. "रविवारी ये फरीदाबादला. चहा पाजते."

मृणाल गेली. तीच गच्ची, तीच टाकी. अक्षयाने आलं ठेचलं, चहा केला आणि तीन कप भरले.

"तिसरा कुणाला?"

"सवय गं."

तेवढ्यात मृणालचा फोन वाजला. धीरजचा व्हॉइस मेसेज.

"पोचला वाटतं. ऐक आता, कसा चिडलाय," मृणाल म्हणाली आणि तिने स्पीकर लावला.

गाड्यांचे हॉर्न. मग एका मुलीचा धापा टाकणारा आवाज.

"ताई, मी मयुरा. मानेसरला उतरलेय. दादाचा फोन घेऊन पळालेय, तो माग काढेल, म्हणून आता हा इथेच नाल्यात टाकते. अक्षयाला आधी सांगू नका हं. आज दुसरा कप गार व्हायच्या आत पोचते मी."