परतीची उंची

ड्रोन किती वर न्यायचा, याचा नियम फोटोग्राफरला तोंडपाठ होता. आपोआप परतताना किती उंचीवरून यावा, हे मात्र त्याने स्वतःच्या घरावरून ठरवलं: दोन मजले, वर टाकी, विषय संपला. त्या दिवशी बॅटरी उतरली, ड्रोन ठरल्या उंचीवरून सरळ घराकडे निघाला आणि शेजारच्या घरावर खाडकन आपटला. शेजारी त्याचा थोरला भाऊ राहायचा. बोलणं तुटल्यापासून धाकट्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बांधकामाचा आवाज आला तेव्हाही खिडकी लावून घेतली होती. बेल वाजली. दारात दादा, हातात मोडक्या पात्यांचा ड्रोन. "तिसऱ्या मजल्याला धडकला." "तिसरा कधी चढवलास?" "झालं वर्ष. गावभराचे फोटो काढतोस, त्यातून आमचं घर कापताना तरी बघायचंस." धाकटा अनवाणीच अंगणात आला, मान वर करून उभा राहिला. उंची तर नव्याने लावायचीच होती.