स्वप्नातलं जेवण

माझी लेक अन्नाला शिवत नव्हती. बळजबरी केली की भडाभडा ओकायची. पण स्वप्नात मात्र पोटभर जेवायची आणि उठल्या उठल्या मला सांगायची.

"आई, आज पाव खाल्ला." त्या दिवशी डब्यातला पाव मला कागदासारखा लागला. मध खाल्ला म्हणाली, तर बाटलीतल्या मधाची गोडीच गेलेली.

म्हटलं, खड्ड्यात गेली चव. पोर स्वप्नात तरी खातेय!

काल झोपवताना तिला थोपटत म्हणाले, "आज तुला सगळ्यात जास्त आवडतं ना, ते खा."

सकाळी तिच्या गालांवर लाली बघून मला रडूच फुटलं. "काय खाल्लंस गं?"

ती मला घट्ट बिलगली. "नको ना विचारूस, आई."

माझे अश्रू ओघळून ओठांवर आले. ते खारट नव्हते.