कमानीखालून

"बाबा, एकदा तरी समोर उभा राहा ना!"

"माझं थोबाड कशाला? टाऊन हॉलच्या कमानी काढ," म्हणत त्याने रोलच्या कॅमेऱ्यावर जुनी लेन्स चढवली. उजेड कमी, म्हणून शटर बराच वेळ उघडं ठेवायचं होतं. मी बटण दाबलं आणि बाबा नेमका कमानीखालून शीळ घालत चालत गेला. सापडला एकदाचा! घरात त्याचा एक धड फोटो नव्हता.

रोल धुऊन आला, तेव्हा बाबा या जगात नव्हता. फोटोत दगड न् दगड उमटला होता, बाबा नाही. "शटर इतकं उघडं ठेवलं की चालता माणूस उमटत नाही, बाळा," स्टुडिओवाले काका म्हणाले.

घरी आईने विचारलं, "कुठाय गं तो?"

"इथून चालत होता."

तिने त्या रिकाम्या कमानीवर बोट ठेवलं आणि उचललंच नाही.