किल्ली

"सिस्टर, ॲसिडिटीची एखादी गोळी द्या आणि सोडा मला. गॅरेजवर गिऱ्हाईक थांबलंय," गावच्या आरोग्य केंद्रात आलेले बाबी मेस्त्री हसत म्हणाले. दुपारच्या उकाड्यात त्यांनी घाईघाईत कोकम सरबताची बाटली तोंडाला लावली होती. तिच्यात गाडीचं इंजिन थंड ठेवणारं लाल कूलंट त्यांनीच भरून ठेवलं होतं. चवही गोड, त्यामुळे चार घोट पोटात गेल्यावर चूक कळली. आता तासाभराने जराशी झिंग होती, बाकी काही नाही.

सिस्टर हसल्या नाहीत. टेबलावरची मेस्त्रींच्या स्कूटरची किल्ली उचलून त्यांनी खिशात टाकली आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

"अहो, पण मला काहीही होत नाहीये!"

"म्हणून तर घाई करतेय. हे विष आज गप्प बसतं आणि उद्या-परवा किडन्या बंद पाडतं. बसा."

एवढीशी मुलगी, पण गॅरेजच्या तीस वर्षांत मेस्त्रींना असं कुणी दटावलं नव्हतं. ते मुकाट बसले. जिल्हा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी आठवड्याने घरी सोडताना सांगितलं, "त्या सिस्टरने त्याच दिवशी पाठवलं, म्हणून किडन्या वाचल्या."

गॅरेज पुन्हा उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक हॉर्न दुरुस्त करून निघालं, तर मेस्त्रींच्या कानाला ब्रेकचा आवाज खटकला.

"राहू द्या हो, गाडी झकास पळतेय," गिऱ्हाईक म्हणालं.

मेस्त्रींनी खिडकीतून हात घालून गाडीची किल्ली काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"बसा."