हवाईची तालीम

"मे आय हॅव सम मोअर राइस, प्लीज?"

त्सुनेयोच्या हातातला भाताचा डाव तिथंच थांबला. चाळीस वर्षं नवऱ्यानं नुसता रिकामा वाडगा पुढं केला होता. आणि आज चक्क प्लीज! खिडकीतल्या कावळ्यालासुद्धा ठसका लागला असेल.

"अगं, बघत काय बसलीस? तू वेटर आहेस!" कुमागाई खेकसले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते इंग्रजीच्या क्लासला जात होते. लग्नाच्या वाढदिवसाला दोघं हवाईला निघणार होती, त्याची ही तालीम.

जेवण झालं. कुमागाईंनी मान लववली. "एव्हरीथिंग वॉज डिलिशस. थँक यू सो मच."

त्सुनेयोच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "हे मला म्हणालात?"

"तुला कशाला? तिथल्या वेटरला म्हणायचंय. आणि तू तिकडं तोंड उघडू नकोस हं, नुसती हसत राहा. लाज काढशील."

त्सुनेयो हसली. असं हसली की कपातला चहा गोठावा. "बरं. पुन्हा म्हणा. घोकून पक्कं होऊ दे."

पुढं वसंतभर ती इमानेइतबारे वेटर झाली. ते घोकायचे आणि विसरायचे. ती विसरत नव्हती.

निघायच्या सकाळी कुमागाईंचा पासपोर्ट मिळेना. कपाटं, गाद्या, बुटांची फळी, सगळं घर पालथं. दारात टॅक्सी खोळंबली.

"सापडला की या मागाहून, दुसऱ्या विमानानं," त्सुनेयो म्हणाली. "मी होते पुढं." आणि गेलीसुद्धा.

चौथ्या दिवशी होनोलुलूत समुद्राकाठी वेटर अदबीनं पुढं आला. "टेबल फॉर वन, प्लीज," ती म्हणाली. मग मासा मागितला, सॉस वेगळा मागितला, आणखी पाव मागितला, तेही इतकं गोड बोलून की आचारी आतून बघायला आला.

तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, अजून सापडत नाही!" कुमागाई रडकुंडीला आले होते. "रोज नुसता भात गिळतोय. आणि स्वयंपाकघरात कसला तरी आंबूस वास सुटलाय!"

"वास येतोय ना, तिथंच आहे तो. लोणच्याच्या पिंपात, भाज्या मुरवायच्या तांदळाच्या कोंड्याखाली, पिशवीत गुंडाळून." त्सुनेयोनं पावाला लोणी फासलं. "तो कोंडा रोज हातानं ढवळावा लागतो, अहो, नाहीतर आंबतो. एकदा जरी हात घातला असतात, तर आज इथं माझ्यासमोर बसला असतात."