खाडीपलीकडे

दर रविवारी हाल्वर बायकोला, सिग्नेला, होडीनं खाडीपलीकडच्या चर्चला सोडायचा आणि स्वतः बाहेर काठावर पाइप ओढत बसायचा. जग म्हणजे खडक, पाणी आणि योगायोग, असं त्याचं म्हणणं. "अरे, पण ते कुणाला तरी हवंसं वाटलं म्हणून आहे ना!" असं सिग्नेचं. उभा जन्म दोघांनी हा वाद चवीनं घातला.

मग सिग्नेला विसर पडू लागला. आधी शेजारीपाजारी आठवेनासे झाले, मग नवरा, शेवटी देवही.

त्या रविवारी पाण्यावर इतकं धुकं होतं, की होडी ढगातून चालल्यासारखी वाटत होती.

"कुठं चाललोय आपण?" तिनं विचारलं.

"चर्चला."

"तिथं कोण असतं?"

हाल्वरची वल्ही थांबली. कुणी नसतं, असं आता बिनधास्त म्हणता आलं असतं.

"एकजण असतो," तो म्हणाला. "तू त्याला विसरलीस तरी तो तुला विसरत नाही. नावानं ओळखतो तुला."

सिग्नेचा चेहरा निवळला. धुक्याकडे बघत ती हसली आणि परक्याशी बोलावं तशी अदबीनं म्हणाली, "म्हणजे देव. फार विश्वास दिसतो हो तुमचा त्याच्यावर."

"हो," हाल्वर म्हणाला, आणि आपण खोटं बोललो असं त्याला वाटलं नाही.