जुना गिअर

इटलीतल्या मोडेना शहरातल्या माझ्या गॅरेजात म्हातारा लेआर्को त्याची स्पोर्ट्स कार घेऊन आला. म्हणाला, "हे ऑटोमॅटिक काढ. जुना गिअर परत बसव."

माझं डोकंच फिरलं. "अहो, धक्का म्हणून बसू नये यासाठी किती ट्यूनिंग केलं मी! अशा गाडीला कुणी ऑटोमॅटिक लावतं का म्हणून अख्खं गाव हसलं तुम्हाला. तरी तुमचा एकच हट्ट, गिअर टाकणारा उजवा हात मोकळा हवा. आता नोरीनाबाई काय म्हणतील?"

"तिच्यासाठीच केलं होतं रे. शेजारी बसली, की बायको माझा हात धरायची."

त्याने शेजारच्या सीटवरची धूळ झटकली.

"आता तो नुसता मोकळाच असतो."